कॅनव्हीच्या ब्लूज जॅममध्ये नाव लिहिताना

कॅनव्ही हे इंग्लंडातल्या एसेक्स परगण्यातलं बेट आहे, पण तिथल्या रस्त्यावर उभं राहिलं तर समुद्र दिसत नाही. मध्ये काँक्रीटची भिंत आहे. बेटाची जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. १९५३ साली ३१ जानेवारीच्या रात्री पाणी आत शिरलं आणि पन्नासहून जास्त माणसं गेली, त्यानंतर ही भिंत उंच आणि भक्कम होत गेली. पायऱ्या चढून वर गेलं की टेम्सचं मुख, पलीकडे केंटचा किनारा आणि आत निघालेली कंटेनरची जहाजं. मी वेंगुर्ल्याची, त्यामुळे समुद्राला असं कुंपणापलीकडे ठेवलेलं बघून गंमत वाटली. अर्थात माझं काम भिंतीच्या अलीकडेच होतं. तिथल्या एका क्लबाच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्याचा, जॅम भरतो आणि त्यात मला वाजवायचं होतं.

जॅम म्हणजे मैफल नव्हे. तिकीट नसतं, कार्यक्रमपत्रिका नसते. ड्रम, बास आणि एक गिटार घेऊन बसलेला ‘हाउस बँड’ असतो आणि स्टेजजवळच्या टेबलावर एक पॅड आणि पेन. आलेल्याने नाव लिहायचं, वाद्य लिहायचं, गाणार की नाही ते लिहायचं. जॅम चालवणारे गृहस्थ यादीतून चार-पाच जण निवडतात आणि दोन-तीन गाण्यांपुरते वर पाठवतात. त्यातले कित्येक एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात. तालीम शून्य. तरी जमतं, कारण बारा बारचा (बार म्हणजे तालाचा एक खंड) साचा सगळ्यांना पाठ असतो. चार बार षड्जावरची कॉर्ड (एकदम वाजणारे काही स्वर), दोन बार मध्यमावरची, दोन परत षड्जावर, मग एक पंचमावर, एक मध्यमावर, आणि उरलेले दोन फिरून समेवर यायला. बारात चार मात्रा धरल्या तर ४८ मात्रांचं आवर्तन. पखवाज ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला हे मोजायला जड नाही. उलट इथले काही गिटारवाले अकराव्या बारात हरवतात तेव्हा मला आतल्या आत फार बरं वाटतं.

हे सगळं कॅनव्हीला का, तर डॉ. फीलगुडमुळे. १९७१ मध्ये याच बेटावरच्या पोरांनी हा बँड काढला. लंडनमध्ये तेव्हा वीस-वीस मिनिटांची गाणी चालत होती, आणि हे लोक मळके सूट घालून तीन मिनिटांत विषय संपवायचे. गिटारवर विल्को जॉन्सन. हा शाळेत इंग्रजी शिकवायचा, आणि त्याही आधी खुश्कीच्या मार्गाने भारतात जाऊन आला होता. पिक (तार छेडायची चकती) न वापरता नुसत्या बोटांनी तो ताल आणि सूर दोन्ही एकदम काढायचा. गायला ली ब्रिलो, पेशाने वकिलाकडचा कारकून. १९७६ मध्ये त्यांची लाइव्ह रेकॉर्ड इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेली. ली १९९४ मध्ये गेला, विल्को २०२२ मध्ये. क्लबातल्या निम्म्या म्हाताऱ्यांकडे या दोघांचा एकेक किस्सा आहे. खरे किती ते विचारू नये. माझ्या कामाची गोष्ट एवढीच की ली ब्रिलो माउथऑर्गन वाजवायचा.

मी मूळची पेटीवाली. आमच्या वाडीतल्या भजनात वडील पेटीवर बसायचे, त्यांच्याकडूनच शिकले. सिंधुदुर्गात डबलबारी ज्यांनी ऐकली आहे त्यांना सांगायला नको, समोरासमोर दोन बुवा, मध्यरात्र उलटून गेली तरी गजर चालू आणि उठायचं नाव कुणी काढत नाही. नोकरीसाठी एसेक्सला आले तेव्हा पेटी आणता आली नाही. जॅमला पहिल्यांदा गेले ती नुसती ऐकायला. तिथे एक बाई माउथऑर्गन वाजवत होत्या. ब्लूजवाले त्याला हार्प म्हणतात. त्यांनी एक स्वर असा काही खाली ओढला की मी खुर्चीत पुढे सरकले. ती स्वच्छ मींड होती, एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं. आणि तीही रीडवर, पितळेच्या पातळ पट्टीवर!

याचं मला एवढं काय वाटलं ते पेटीवाल्यांना कळेल. आमच्या वाद्यावरचा जुना आरोपच हा, की मींड निघत नाही, श्रुती (स्वरांमधले बारीक भेद) लागत नाहीत. याच कारणाने १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने पेटीला दाराबाहेर ठेवलं होतं. भाता कितीही दाबा, आवाज वाढतो, स्वर जागचा हलत नाही. हार्पमध्येही पितळेचीच रीड, मग ती वाकते कशी? मी घरी येऊन शोधलं. प्रत्येक भोकात दोन रीड असतात, एक फुंकल्यावर वाजणारी, एक श्वास आत ओढल्यावर. ओढताना तोंडाच्या आतली पोकळी बदलली, ‘ई’ म्हणता म्हणता ‘ऊ’कडे जावं तशी जीभ मागे घेतली, की दुसरी रीडही त्यात सामील होते आणि स्वर खाली घसरतो. कुठपर्यंत, तर खालच्या रीडच्या स्वराहून अर्धा स्वर वर राहील तिथपर्यंत. त्यामुळे, दुसऱ्या भोकातली ओढ षड्ज धरली तर, तिसऱ्या भोकातून नुसत्या ओढीने शुद्ध गंधार, कोमल गंधार, शुद्ध रिषभ आणि कोमल रिषभ एवढं सगळं निघतं, आणि मधल्या सगळ्या जागाही. ब्लूजचा जीव त्या मधल्या जागेत आहे. त्यांचा गंधार धड शुद्ध नाही, धड कोमल नाही.

हे वाचायला दहा मिनिटं लागली आणि तोंडात यायला अख्खा हिवाळा. सुरुवातीला स्वर वाकायच्या ऐवजी बंदच पडायचा, किंवा मांजराची शेपटी दारात सापडल्यासारखं काहीतरी निघायचं. शेजाऱ्यांनी कधी तक्रार केली नाही, हा इंग्रजी स्वभावाचा मोठा फायदा.

सरगम मात्र कामाला आली. दुसऱ्या भोकात श्वास ओढला की षड्ज धरायचा. मग ब्लूजची चाल अशी बसते: सा, कोमल ग, म, तीव्र म, प, कोमल नि. तीव्र मध्यम काढला तर आपला धानी रागच उरतो. दोन्ही गंधार घ्यायला लागलं की जोग रागाची आठवण येते. आता यातली गोम अशी, की हार्पवर जी पट्टी छापलेली असते तिच्यात हे वाजवायचं नसतं. गाण्याचा जो सा, त्याचा मध्यम ही हार्पची पट्टी. गाणं पांढरी पाचमध्ये (पेटीची पाचवी पांढरी पट्टी सा धरून) असेल तर पांढरी एकचा हार्प. गिटारवाल्यांना पांढरी तीन आणि पांढरी सहा फार प्रिय, कारण तिथे त्यांच्या मोकळ्या तारा उपयोगी पडतात. त्यासाठी अनुक्रमे पांढरी सहा आणि पांढरी दोनचे हार्प. हे तीन हार्प खिशात असले की जॅममधली बरीचशी गाणी निभतात. चांगला हार्प तीस-चाळीस पौंडांच्या घरात येतो, म्हणून तिन्ही एकदम घेतले नाहीत. जर्मनीतल्या ट्रॉसिंगेनच्या होनर कंपनीचं १८९६ पासून चालत आलेलं मरीन बँड हे मॉडेल पुष्कळ लोक वाजवतात. मीही तेच घेतलं.

नाव लिहिण्याआधी बरेच रविवार मी नुसती बसून होते. बेनफ्लीट स्टेशनला उतरायचं, खाडी ओलांडणारी बस पकडायची, लिंबू सोडा घेऊन कोपऱ्यातलं टेबल धरायचं. माझा सल्ला विचाराल तर यात घाई करू नये. खुणा कळायला लागतात. गाणं धरणारा डोक्यावर थोपटतो म्हणजे पुन्हा सुरुवातीपासून, मूठ वर गेली म्हणजे इथे संपवा. ‘पाचपासून’ असं कुणी ओरडलं की पहिले आठ बार सोडून थेट पंचमावरून उचलायचं. ‘क्विक चेंज’ म्हणजे दुसऱ्याच बारात मध्यमावर जाऊन यायचं. आणि हेही कळतं की हार्पवाल्यांची जॅममध्ये ख्याती चांगली नाही. वाद्य खिशात मावतं, विकत घेणं सोपं, त्यामुळे दोन आठवडे शिकलेला माणूसही माइक धरून उभा राहतो आणि गायकाच्या डोक्यावर अखंड पीं पीं करत बसतो. एका वेळी स्टेजवर एकच हार्प, हा नियम उगीच झालेला नाही.

मध्येच एक विषयांतर. गावातल्या पबमध्ये, क्लबात हे इतक्या सहज कसं चालतं, मोठे स्पीकर लावून, असं मला सारखं वाटायचं. आपल्याकडे साध्या भजनालाही दहाच्या ठोक्याला स्पीकर बंद करावा लागतो, त्याआधी परवानगीसाठी खेटे घालायचे ते वेगळेच. इथेही पूर्वी कटकट होती. मग २०१२ मध्ये लाइव्ह म्युझिक ॲक्ट आला. दारूचा परवाना असलेल्या जागेत सकाळी आठ ते रात्री अकरा, ठरावीक संख्येच्या श्रोत्यांपुरतं, गाण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. ही मर्यादा आधी २०० होती, २०१५ मध्ये ५०० झाली. एवढ्याशा कायद्याने किती छोट्या जागा तगल्या असतील! अकरानंतर मात्र इथलेही सगळे शहाण्या मुलासारखे घरी जातात. डबलबारी इथे रुजणं कठीण.

तर नाव लिहिलं. जॅम चालवणारे गृहस्थ निवृत्त इलेक्ट्रिशियन, सगळ्या बायकांना ‘डार्लिंग’ म्हणणारे. यादी वाचत माझ्या टेबलाशी आले.

“हार्प? कुठल्या पट्ट्या आणल्यास, डार्लिंग?”

सांगितल्या.

“गाणार?”

नाही म्हटलं.

“मग एकच सांगतो. गाणारी बाई गात असेल तेव्हा तू नाही.”

दिसायला हा एवढासा नियम, पण पेटीवालीसाठी सगळ्यात अवघड तोच निघाला. आमची साथ म्हणजे गळ्याला चिकटून जाणं. बुवांनी ओळ घेतली की तिच्या सावलीत पेटी चालते, त्यांनी श्वास घेतला तर ती जागा आम्ही भरून काढतो, आणि बुवांना एकटं सोडलं तर ती साथ कसली? इथे उलट. ब्लूजची ओळ चार बारांची, त्यातल्या साधारण दोन बारांत शब्द संपतात आणि पुढचे दोन मोकळे असतात. तीच ओळ दुसऱ्यांदा येते, पुन्हा दोन मोकळे. मग तिसरी, वेगळी ओळ. त्या मोकळ्या जागेत हार्पने उत्तर द्यायचं आणि शब्द सुरू होण्याआधी गप्प व्हायचं. बोलणारं एक, उत्तर देणारं दुसरं. शेतात राबणाऱ्या काळ्या मजुरांच्या हाकांपासून ही रीत आली आहे, आणि अमेरिकेत मिसिसिपीतून शिकागोला जाऊन वाद्यांना वीज लागली तरी ती सुटली नाही.

आमची पाळी मध्यंतरानंतर आली. गाणारी बाई साठीची, आवाज तंबाखूने भाजलेला. पहिलं गाणं संथ, पांढरी तीनमध्ये, म्हणून मी पांढरी सहाचा हार्प काढला. माइक दोन्ही हातांनी घट्ट कवटाळला की आवाज गडद होतो, पण पायाशी मॉनिटर (वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) असेल तर शिटी वाजते, तेव्हा हात थोडे सैल ठेवले. पहिल्या ओळीला तोंड आपोआप उघडत होतं. बाई गात होत्या आणि माझा श्वास त्यांच्या मागे धावत होता. मी हार्प ओठांपासून चक्क चार बोटं लांब धरला. शब्द संपले, मग तिसऱ्या भोकात एक लांब ओढ, गंधार खाली, आणि बस्स. दुसऱ्या ओळीनंतर बाईंनी मागे वळून पाहिलं आणि मान हलवली. तिसऱ्या कडव्यानंतर गिटारवाल्याने बोट दाखवलं, म्हणजे पूर्ण बारा बार माझे. त्यात मी धानी घेतला आणि दहाव्या बारापासून समेवर यायला सुरुवात केली. ड्रमवाल्याला ते आवडलं, त्याने तसाच तुकडा परत केला. दुसरं गाणं जलद होतं. त्यात मी फार काही केलं नाही, टाळ धरल्यासारखी कॉर्ड देत राहिले.

खाली आल्यावर एका आजोबांनी विचारलं, हा वाकवायचा प्रकार तू भारतातून आणलास का. मी खरं ते सांगितलं: नाही, तो तुमच्या इथेच शिकले. यावर ते हसून म्हणाले, आमचाही नाही, आम्ही अमेरिकेतून उचलला. शिकागोचा ब्लूज गायक-गिटारवाला मडी वॉटर्स १९५८ मध्ये इंग्लंडात आला तेव्हा त्याच्या विजेच्या गिटारच्या आवाजाने इथले काही शौकीन बिचकले होते, ते यांना ऐकून माहीत होतं. पैसे न मागता, परवानगी न घेता दुसऱ्यांच्या दुःखाचं गाणं आपण वाजवतो, हे त्या क्लबात कुणी मोठ्याने बोलत नाही. पण गाण्याआधी ते मूळ कुणाचं, कुठल्या गावचं, हे सांगितल्याशिवाय बहुतेक जण सुरू करत नाहीत. मला ती रीत पटते. आमचे बुवाही अभंग उचलण्याआधी कुणाचा ते सांगतात.

आता यादीत माझं नाव न विचारता लिहिलेलं असतं. हल्ली एक सॅक्सोफोनवाले गृहस्थ येऊ लागले आहेत, त्यांना सगळं काळी पाचमध्ये हवं असतं. म्हणजे मला काळी दोनचा हार्प घ्यावा लागणार. पगार झाला की बघू.