इअर पॅड बदलताना आवाजाचं काय होतं

हेडफोन काढल्यावर कानावर, गालावर, कॉलरवर काळे पापुद्रे चिकटलेले दिसायला लागले, की पॅड गेले म्हणून समजायचं. लेदर म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक वेळा कापडावर चढवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. ‘प्रोटीन लेदर’ हे नाव ऐकायला भारी वाटतं, पण तोही पॉलियुरेथेनचाच भाऊबंद. ओलावा आणि उष्णता एकत्र आली की या थराची रासायनिक साखळी तुटत जाते आणि पापुद्रे सुटतात. घाम आणि केसांचं तेल त्याला हातभार लावतात.

नागपुरात लोक याचा दोष मे महिन्यातल्या ४५ अंशांना देतात. पण नुसती कोरडी उष्णता या मालाला तितकी मारत नाही. घरात आपण कूलरपुढे बसतो, ताट्या भिजलेल्या, खिडकी बंद, म्हणजे खोलीतली हवा गरमही आणि दमटही. कूलरच्या झोताशेजारी टेबलावर पडून असलेला हेडफोन कपाटातल्यापेक्षा लवकर सोलतो. पुढे जुलै-ऑगस्ट आहेतच.

आता मुद्दा असा, की पॅड म्हणजे नुसती कानाची गादी नव्हे. क्लोज्ड-बॅक, म्हणजे मागून बंद कपांच्या हेडफोनमध्ये ड्रायव्हर (आवाज काढणारा छोटा स्पीकर), पॅड आणि कान मिळून एक छोटी बंद खोली तयार होते, आणि खालचा बेस त्या खोलीतल्या हवेच्या दाबावर उभा असतो. कुठेतरी फट राहिली की साधारण १००-१५० हर्ट्झच्या खालचं आधी गळतं. तबल्याचा डग्गा पोकळ वाटतो आणि माणूस म्हणतो, ड्रायव्हर गेला. ड्रायव्हर सहसा ठणठणीत असतो.

तपासायला सोपं आहे. ५० हर्ट्झचा टोन बेताच्या आवाजात लावा आणि दोन्ही कप तळहातांनी हलके दाबा. बेस एकदम वाढला तर सील, म्हणजे पॅड आणि डोक्यामधली हवाबंद बैठक, गळतंय. मग एकेका जागी बोटाने दाबून बघा. बहुतेक वेळा फट सापडते ती कानाच्या खाली-मागे, जबड्याच्या हाडामागे जो खळगा असतो तिथे. चष्मा असेल तर काडीच्या जागी. तिथे मऊ मेमरी फोम आणि बारीक काडीची फ्रेम, एवढाच इलाज.

नवीन पॅड घेताना लोक फक्त बाहेरचा व्यास बघतात आणि फसतात. चार मापं घ्या: कपच्या ज्या प्लेटवर पॅड बसतो तिचा व्यास, पॅडच्या आतल्या भोकाची लांबी-रुंदी, न दाबलेली जाडी, आणि मागच्या पट्टीची म्हणजे लिपची रुंदी. सुताराची पट्टी चालते, व्हर्नियर असेल तर उत्तम. लिपवाला पॅड प्लेटपेक्षा ३-५ मिलिमीटर लहान असला तरी ताणून बसतो. मोठा असला तर लोंबतो आणि गळतो. आतलं भोक तुमचा कान पूर्ण मावेल एवढं हवं. बऱ्याच मोठ्या माणसांचा कान ६० मिलिमीटरच्या वर उंच असतो, त्यामुळे ५५ मिलिमीटरचं गोल भोक म्हणजे तासाभरात कान दुखणार.

जाडीवर आवाज फार अवलंबून असतो. पॅड दबून चपटा झाला की कान ड्रायव्हरच्या जवळ येतो, आणि नवीन जाड पॅड लावला की लांब जातो. त्याबरोबर वरच्या पट्टीतले चढउतार जागा बदलतात. म्हणून ‘आरामदायी’ म्हणून १० मिलिमीटर जास्त जाड पॅड लावला आणि आवाज लांबून, पोकळ यायला लागला, तर नवल नाही. मूळ आवाज आवडत असेल तर मूळ पॅडच्या जाडीच्या दोन-तीन मिलिमीटरच्या आत राहा.

कापडाचंही तसंच. व्हेलोर (मखमलीसारखं कापड) हवा सोडतो: कान कमी तापतो, पण क्लोज्ड-बॅकवर बेस उतरतो. गुळगुळीत लेदरेट (नकली लेदर) हवा अडवतो, बेस राखतो, पण आतल्या भिंतीवरून वरचा आवाज परावर्तित होऊन थोडा टोचू शकतो. आतल्या भिंतीला बारीक भोकं असलेले पॅड मधला मार्ग काढतात, कारण तिथला फोम आवाज शोषतो. नागपूरच्या उन्हाळ्यात व्हेलोरचा मोह होणारच, पण व्हेलोरसाठी बनवलेल्या हेडफोनवरच तो लावा. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो, ८० ओहमचा, क्लोज्ड असूनही मुळातच व्हेलोरवर जमवलेला आहे. ऑडिओ-टेक्निका एम५०एक्सवर व्हेलोर चढवला तर बेस जातो आणि मग माणूस इक्वलायझरशी झटापट करत बसतो.

पॅड काढायची पद्धत हेडफोनप्रमाणे बदलते. एम५०एक्स, सोनीचा एमडीआर-७५०६, बायरडायनॅमिकची डीटी मालिका, यांत पॅडची लिप प्लेटच्या कडेखाली ताणून अडकवलेली असते. सेनहायजर एचडी ६००-६५०ला प्लास्टिकची रिंग खटक्यांनी बसते. एकेजीचे के७०१-७०२ फिरवून सुटतात. बोस क्यूसी३५ आणि सोनी एक्सएम३-एक्सएम४ला पॅडला चिकटलेली प्लास्टिकची चौकट असते, ती क्लिपांत अडकते. स्वस्तातल्या ब्लूटूथ हेडफोनांपैकी बऱ्याच जणांना पॅड नुसता डिंकाने किंवा डबल टेपने चिकटवलेला असतो. क्लिप की डिंक हे न पाहता ओढलं की क्लिप तुटते, आणि ती परत मिळत नाही. गिटारची प्लेक्ट्रम किंवा मोबाईल उघडायची प्लास्टिक पट्टी कडेने सरकवा. स्क्रूड्रायव्हर नको, तो घसरला तर थेट ड्रायव्हरच्या पडद्यात जातो.

लिपवाला पॅड बसवताना सगळे घाम गाळतात. युक्ती अशी: पॅड कपवर ठेवा, लिपचा एक बोटभर भाग खालच्या बाजूला खाचेत सरकवा आणि तिथे अंगठ्याने घट्ट धरून ठेवा. दुसऱ्या हाताने जुन्या एटीएम कार्डाचा गोलसर कोपरा लिपच्या आत घालून थोडं थोडं पुढे सरकत जा. एका वेळी एक सेंटीमीटर, जास्त नाही. शेवटचा एक-दीड इंच अडतो, तेव्हा पूर्ण पॅड हातात धरून गोल फिरवायचा. लिप आपोआप खाचेत ओढली जाते. जोर लावून ताणलंत तर टाक्यांच्या शिवणीवर फाटतं. हिवाळ्यात मेमरी फोम आणि लेदरेट कडक होतात, तेव्हा पॅड आधी पाच मिनिटं उन्हात ठेवा.

नवीन पॅड लावण्याआधी ड्रायव्हरसमोरच्या जाळीवर पडलेले पापुद्रे काढा. फुंकर, एअर ब्लोअर, व्हॅक्यूम क्लीनर, तिन्ही नकोत: पडदा अतिशय पातळ असतो. मास्किंग टेप हलकी टेकवा आणि उचला. कडेचा जुना चिकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने जातो. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावलंत तर एबीएस प्लास्टिक वितळून डाग पडतो. मोबाईल दुरुस्तीवाले वापरतात तेच अल्कोहोल नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, सुट्या भागांच्या दुकानात मिळतं, आणि तिथेच ३ मिलिमीटर रुंदीची डबल टेपही घेऊन ठेवा.

ड्रायव्हरसमोर फोमची किंवा कापडाची चकती असते, तिच्याकडे कुणी बघत नाही. जुन्या सोनी एमडीआर-व्ही६मध्ये ती फोमची चकती हात लावताच भुकटी होते. तशी झाली असेल तर बदलाच, पण जाडी जपा: २ मिलिमीटरच्या जागी ५ मिलिमीटरचा दाट फोम घातला की वरचा आवाज मंदावतो.

एक बाजू बदलली की थांबा. गाणं मोनो करा, म्हणजे दोन्ही कानांत अगदी एकच आवाज येईल असं, आणि ऐका. नव्या पॅडने नक्की काय बदललं ते असं एका मिनिटात कळतं. आवाज मध्यभागातून सरकला असेल, एका कानात बेस जास्त असेल, तर तो फरक पॅडचाच. दोन्ही बदलल्यावर मेंदू सवय करून घेतो आणि तुलना हरवते.

नॉइज कॅन्सलिंगवाल्यांना सावधगिरी जास्त लागते. कपच्या आतला माइक पॅडच्या पोकळीतला आवाज ऐकून उलट लहर तयार करतो. सील बदललं की त्याचा हिशेब चुकतो: विमानाचा किंवा कूलरचा घरघराट नीट कापला जात नाही, आणि कधी कधी शिट्टीही येते. सोनी एक्सएम४च्या डाव्या कपात हेडफोन घातल्याचं ओळखणारा सेन्सर आहे. स्वस्त पॅडची जाळी त्याच्यावर आली की गाणं आपोआप थांबणं-सुरू होणं बिघडतं. पॅड बदलल्यावर ॲपमधला नॉइज कॅन्सलिंग ऑप्टिमायझर पुन्हा चालवा. या प्रकारात कंपनीचेच पॅड घ्यावेत, महाग असले तरी.

पॅड बसले, सील नीट आलं, तरच पुढच्या सुधारणा. क्रम उलटा केला तर गळका बेस भरून काढण्यासाठी तुम्ही बाकी सगळं वाकवता.

जबड्यामागचा खळगा भरत नसेल तर पॅडच्या खाली, मागच्या-खालच्या अर्ध्या गोलात ४-५ मिलिमीटर जाडीची फोमची पट्टी ठेवा. पॅड तिरका होतो आणि डोक्याला नीट टेकतो. पैसे जवळजवळ लागत नाहीत, आणि फरक बहुतेक केबलींपेक्षा जास्त पडतो.

वरचा आवाज टोचत असेल, स-श कानात घुसत असतील, तर टिश्यू पेपरचा एक पदर ड्रायव्हरसमोर ठेवून बघा. नंतर हवं तर दुसरा. बॅफलवर, म्हणजे ड्रायव्हर ज्या प्लेटवर बसवलेला असतो तिच्यावर, बेसची छोटी भोकं असतात. त्यांच्यावर मेडिकलमधली मायक्रोपोर टेप लावली की हवेचा प्रवाह अडतो आणि बेस बदलतो. वाढेल की घटेल हे त्या हेडफोनच्या रचनेवर ठरतं, म्हणून एका वेळी एकच भोक, आणि दोन्ही कपांत अगदी सारखं. साधी सेलोटेप लावू नका, ती भोक पूर्ण बंद करते.

कप उघडून आत कापूस किंवा फेल्ट भरायचं असेल तर आधी ड्रायव्हरच्या तारा कुठे आहेत बघा. केसाइतक्या बारीक असतात आणि बॅफल झटक्याने उचलला की तुटतात. तार तुटलीच आणि सोल्डरचा डाग लावावा लागला, तर तारेवर इनॅमलचा लेप असतो, तो जाळल्याशिवाय किंवा खरवडल्याशिवाय टिन धरत नाही. उलट जोडणी झाली का हे ओळखायला मोनो गाणं लावा: गायक मध्यभागी न राहता डोक्याभोवती पसरला आणि बेस पातळ झाला, तर एका बाजूची जोडणी उलटी आहे.

शेवटी इक्वलायझर. विंडोजवर इक्वलायझर एपीओ आणि अँड्रॉइडवर वेव्हलेट, दोन्ही पुरेसे. ऑटोइक्यू या संग्रहात हेडफोनागणिक मिळणाऱ्या तयार सेटिंग बहुतेक मूळ पॅडवर मोजलेल्या असतात. वेगळे पॅड लावल्यावर त्या जशाच्या तशा चालत नाहीत. बेस हवा असेल तर १०५ हर्ट्झला लो-शेल्फ (तिथून खालचा सगळा आवाज उचलणारा फिल्टर), क्यू (फिल्टर किती अरुंद किंवा तीव्र ते) ०.७, ४ डेसिबलपर्यंत, आणि प्रीॲम्प (एकूण पातळी) तेवढाच खाली, म्हणजे उणे ४, नाहीतर मोठ्या आवाजात फाटतं. टोचणारी जागा शोधायला ५ ते १० किलोहर्ट्झचा स्वीप (हळूहळू चढत जाणारा टोन) अगदी कमी आवाजात चालवा, जिथे किंचाळतो तिथे क्यू ३-४ चा फिल्टर लावून ३ डेसिबल कापा. सील गळत असताना बेस १० डेसिबल वाढवला तर मात्र ड्रायव्हर उगाच धडपडतो.

एक शेवटचं. स्वस्तात मिळाले म्हणून लेदरेट पॅडच्या दोन-तीन जोड्या घेऊन ठेवू नका. पॉलियुरेथेन खोक्यातही झिजतं, आणि आपल्या पावसाळ्यात जास्तच. व्हेलोरची जोडी मात्र सिलिका जेलच्या पुडीसोबत झिप बॅगेत ठेवता येते.