ताई, पेंग्विन कधी?

2018 च्या पावसाळ्यात मी भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड म्युझियममध्ये इंटर्न होते, शाळांचे ग्रुप येतात ना त्यांच्यासाठी. हे घरी समजावताना माझी वाट लागली होती. आई म्हणाली, म्हणजे तू गाईड का? म्हटलं नाही गं. मग टीचर? तेही नाही. "मुलांना म्युझियम दाखवायला एवढं शिकावं लागतं होय," असं म्हणून ती कुकर लावायला गेली आणि तो विषय आमच्या घरात तिथेच संपला.

रोजचा प्रवास म्हणजे नेरूळहून हार्बर, कुर्ल्याला उतरून त्या पुलावरून ढकलाढकली करत सेंट्रलच्या प्लॅटफॉर्मवर, मग स्लो पकडून भायखळा, आणि तिथून पूर्वेला चालत राणीची बाग, म्हणजे मुंबईचं प्राणिसंग्रहालय. म्युझियम बागेला अगदी लागूनच आहे आणि आमच्या सगळ्या अडचणींचं मूळ तेच होतं, कारण आदल्याच वर्षी म्हणजे मार्च 2017 पासून बागेत पेंग्विन बघायला मिळायला लागले होते. कुठलीही शाळा आली की बसमधून उतरलेलं पहिलं पोरगं विचारणार, "ताई, पेंग्विन कधी?" मी तीन महिन्यांत हा प्रश्न किती वेळा ऐकला याची मोजदाद नाही. 1872 ला लोकांसाठी उघडलेलं मुंबईतलं सगळ्यात जुनं म्युझियम, आतलं ते नक्षीचं छत, बिडाचे खांब, आणि पोरांच्या डोक्यात मात्र एसीत बसलेले ते पक्षी. सुरुवातीला राग यायचा. मग कळलं की मी पण दहा वर्षांची असते तर हेच विचारलं असतं.

तर या पोस्टमध्ये मला एका शाळेबद्दल लिहायचंय. उलव्याच्या बाजूच्या एका गावातली शाळा, सहावीचा वर्ग, 42 मुलं. शाळेचं नाव लिहीत नाही कारण त्यांनी आधी ट्रिप ठरवली ती बुधवारी, बसवाल्याला ॲडव्हान्स पण देऊन झाला, आणि बुधवारी म्युझियम पण बंद आणि राणीची बाग पण बंद. हे मी फोनवर सांगितल्यावर पलीकडून बराच वेळ काहीच आवाज नाही, मग "बरं, बघतो" आणि फोन कट. पण ट्रिप झाली. शुक्रवारी.

ट्रिपच्या आधी शाळेत जाऊन एक तास घ्यायचा असं ठरलं होतं, आणि मी नेरूळला राहते म्हटल्यावर ती जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली. मी दप्तरात रविवर्म्याच्या जटायूवधाचं मोठं प्रिंट गुंडाळून रिक्षाने गेले. तेव्हा तिकडे नवी मुंबईच्या एअरपोर्टसाठी उलव्याचा डोंगर कापायचं काम जोरात चालू होतं. तास सुरू झाला आणि दहा मिनिटांत लांबून धडाम असा आवाज आला, खिडकीच्या काचा थरथरल्या, मी दचकून अर्धं वाक्य विसरले, आणि वर्गातल्या एकानेही मान वर केली नाही. पुढच्या बाकावरची मुलगी मला समजावून सांगते, "सुरुंग हाय ताई. रोजचा हाय."

आता पद्धत काय, तर आम्हाला तीन प्रश्न शिकवले होते. अमेरिकेत फिलिप येनवाइन आणि अबिगेल हाउसन या दोघांनी मिळून बसवलेली ही पद्धत, येनवाइन न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममध्ये शिक्षण विभाग सांभाळायचा आणि हाउसन मानसशास्त्रवाली. चित्र समोर ठेवायचं, चित्रकाराचं नाव नाही, साल नाही, काही नाही. विचारायचं: या चित्रात काय चाललंय? कशावरून म्हणतोस? अजून काय दिसतंय? बस्स. ऐकायला एकदम सोपं वाटतं पण करताना जीव जातो, कारण पहिल्या प्रश्नानंतर वर्ग गप्प बसतो आणि ती शांतता आपल्याला सहन होत नाही, आणि आपण लगेच स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो. मी पहिल्या दोन शाळांमध्ये तेच केलं होतं. भाषणच ठोकलं म्हणा ना.

इथे मात्र चित्र उघडल्याबरोबर सगळे ओरडले, "रामायण!" संपलं. गोष्ट सगळ्यांना माहीत, मग बघायचं कशाला? जटायू, रावण, सीता, झालं. मी बळंच विचारलं, कशावरून हा रावण? आणि मागून एक मुलगा, बारीक, शर्टाची वरची दोन बटणं गायब, त्याला आपण इथे बाब्या म्हणू, तो म्हणाला, "रावन नसंल तो. डोकी कुठं हायत नऊ?"

आता हे चित्र मी कॉलेजपासून बघत आले. स्लाइडवर, पुस्तकात, आजीच्या घरी कॅलेंडरवर. रावणाला एकच डोकं आहे हे मला दिसलंच नव्हतं, म्हणजे दिसलं असणार पण खटकलं नव्हतं. त्यानंतर वर्ग जो पेटला तो पेटलाच. एक म्हणे तो वेष बदलून आलाय म्हणून एकच डोकं ठेवलंय. दुसरा म्हणे दहा डोकी काढली तर पंखाला जागा उरणार नाही, चित्र भरून जाईल (हे एखाद्या समीक्षकाने म्हटलं असतं तर आपण वहीत उतरवून घेतलं असतं). एक मुलगी म्हणाली, सीतेने तोंड झाकलंय म्हणजे पंख कापताना तिला बघवत नाहीये, पण रावण पण जटायूकडे नीट बघत नाहीये का? मग सगळे पुढे येऊन रावणाचे डोळे बघायला लागले. वर्गशिक्षक दारात उभे राहून घड्याळ दाखवत होते.

शुक्रवारी बस पावणेअकराला आली. वाशीचा पूल, चेंबूर, ट्रॅफिक, पाच मुलांना उलट्या. जे लोक म्युझियमच्या शैक्षणिक कार्यक्रमांबद्दल सेमिनारमध्ये बोलतात त्यांनी एकदा अशा बसच्या दाराशी उभं राहावं अशी माझी फार इच्छा आहे. कारण आमच्या कामाचा अर्धा भाग कला वगैरे नव्हताच, तो होता टॉयलेट. 42 मुलं, त्यात 19 मुली, पाऊस, ओल्या चपला, डबे कुठे ठेवायचे, पेन काढून घ्या आणि पेन्सिली वाटा (आत पेन चालत नाही, एक रेघ ओढली गेली की संपलं), पाण्याच्या बाटल्या बाहेर, डोकी मोजा, परत मोजा. ज्या मुलाला शू लागलीय त्याला बिडाच्या खांबावरची नक्षी दिसत नाही हो. हे मला कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं सापडलं नाही.

आत गेल्यावर मात्र सगळे गप्प. ती इमारत बाहेरून साधी वाटते आणि आत पाऊल टाकलं की एकदम हिरवं-सोनेरी, वरपर्यंत. कोणीतरी हळूच म्हणालं, "राजवाडा." मधोमध प्रिन्स अल्बर्टचा संगमरवरी पुतळा. हा कोण? राणीचा नवरा. कुठली राणी, राणीच्या बागेतली? हो, तीच. मग म्युझियमला नाव डॉक्टरचं का? आता इथे सांगण्यासारखं भरपूर होतं, की आधी नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम होतं, 1975 ला ते बदललं, भाऊ दाजी म्हणजे ग्रँट मेडिकल कॉलेजमधून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी, हे म्युझियम उभं राहावं म्हणून त्यांनी आणि जगन्नाथ शंकरशेटांनी खटपट केली. मी यातलं अर्धंच सांगितलं कारण समोर जांभया सुरू झाल्या.

वर मुंबईच्या सात बेटांचा नकाशा आहे, उठावाचा. तिथे हमखास एक प्रश्न येतो आणि त्या दिवशीही आला, आमचं घर कुठंय? मी नकाशाच्या कडेबाहेर हवेत बोट ठेवून म्हणाले, साधारण इथे. नवी मुंबईकरांची सवयच आहे म्हणा ही, आपण कायम फ्रेमच्या थोडं बाहेर.

आणि मग खाली येऊन डोकी मोजली तर 41.

परत मोजली. 41. तुम्हाला सांगते, पोटात असा गोळा येतो ना. चूक माझी होती, जिन्यावरून उतरताना मोजायचं असतं आणि मी कोणाच्या तरी वर्कशीटमध्ये डोकं घालून उभी होते. पीटीचे सर टॉयलेटकडे पळाले, मी बाहेर. पाऊस भुरभुरत होता, आणि म्युझियमच्या बाजूच्या बागेत दगडी हत्तीसमोर बाब्या उभा, डोक्यावर वर्कशीट धरलेलं.

ओरडायला तोंड उघडलं तर तोच म्हणाला, "ताई, हा आमचा हत्ती हाय."

मला वाटलं उगीच काहीतरी बोलतोय. तर नाही. त्याची आत्या दिली होती घारापुरीला, राजबंदरला. घारापुरी म्हणजे एलिफंटा हो, आपण मुंबईचं पर्यटनस्थळ म्हणतो पण ते बेट उरण तालुक्यात आहे, तिथे तीन गावं आहेत, माणसं राहतात. तिकडे वीज कधी आली माहितीय? त्याच वर्षी, फेब्रुवारी 2018 मध्ये, समुद्राखालून केबल टाकून. बाब्याने हे मला हत्तीच्या आधी सांगितलं, की आत्याकडे आता फ्रिज आहे. आणि आत्याच्या सासऱ्यांनी त्याला सांगितलं होतं की बंदरावर एक दगडाचा हत्ती होता, फिरंग्यांनी त्याच्यावरून बेटाला एलिफंटा नाव दिलं आणि मग गोऱ्यांनी हत्तीच उचलून नेला.

गोष्ट खरीच आहे. 1814 ला त्याचं डोकं आणि मान तुटून पडली. 1864 ला तो उचलून इंग्लंडला न्यायचा घाट घातला तर क्रेन तुटली आणि हत्ती पडून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईत आणून टाकले आणि 1914 ला जोडून हा उभा केला. माझ्या फाईलमध्ये यावर पूर्ण एक पान होतं, पण ते आम्ही वेळ उरला तर घ्यायचो, आणि वेळ कधीच उरायचा नाही कारण पेंग्विन.

तोपर्यंत उरलेले 41 छत्र्यांशिवाय बाहेर आले होते. मी त्यांना ही तीन सालं सांगितली तर एकीने लगेच पकडलं, "सगळं चारलाच कसं होतं?" बाब्या मात्र हत्तीचे सांधे बघत होता. ओल्या दगडावर ते अजून उठून दिसतात. तो म्हणाला आमच्या होडीची फळी फुटली की पण असंच भरतात पण आमचं काम साफ असतं, हे घाईत केलंय. मग सगळे सांधे मोजायला लागले, कोणाचे अकरा कोणाचे सतरा, भांडणं, वर्कशीटचा लगदा झालेला. ते तीन प्रश्न मी विचारलेच नाहीत, गरजच पडली नाही. पंचवीस मिनिटं. त्या अख्ख्या दिवसात कुठल्याही काचेसमोर आम्ही पाच मिनिटांच्या वर थांबलो नव्हतो.

मग बाब्यानेच विचारलं, "इंग्लंडला नाय नेला ना शेवटी? मग परत का नाय ठेवला?"

मी म्हटलं, तेव्हा तुकडे झाले होते ना.

"मग आता जोडलाय की."

माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. एवढ्यात सर ओरडले, चला रे पेंग्विन, आणि क्षणात हत्तीपाशी मी एकटी.

ट्रिपनंतर महिनाभराने शाळेतून चित्रांचा गठ्ठा आला, ट्रिपमधलं जे आठवतं ते काढा असं सांगितलं होतं. पेंग्विनच पेंग्विन. एकाने उलटी करणारा मित्र काढला होता, अगदी बारकाव्यासकट. एक प्रिन्स अल्बर्ट होता ज्याला दहा डोकी होती, हे कोणी काढलं ते नाव नव्हतं पण त्या मुलाला किंवा मुलीला मी मनातल्या मनात पूर्ण मार्क दिले.

बाब्याच्या चित्रात मच्छीमारी होडी होती, झेंडा, इंजिन, जाळी, नंबर सगळं जागच्या जागी, आणि मधे सांध्यासांध्यांचा हत्ती, दोरखंडाने नीट बांधलेला. मागे समुद्र, लांब एक बेट, आणि बेटावरच्या एका घरात पिवळ्या खडूने लावलेला बल्ब.