तुम्ही विचारलंत म्हणून: एवढे केस घेऊन मी झोपते कशी

लोकलमध्ये समोरच्या सीटवरची बाई, पार्लरवाली, पुतण्याची नवी बायको, सगळ्यांचा प्रश्न एकच. "एवढे लांब केस! रात्री झोपता कशा हो?" केस कमरेखाली गेले की दिवसाचं कुणी विचारत नाही, रात्रीचंच विचारतात.

सैल तिपेडी वेणी घालून झोपते. बस्स. पण त्यातलं 'सैल' कळायला मला पस्तिशी ओलांडावी लागली.

तोवर मी शाळेत घालायचे तशीच करकचून वेणी घालायचे आणि शेवटी बारीक काळं रबर, तीन वेढे, रोज त्याच जागी. सकाळी रबर ओढून काढलं की त्यात दोन-चार केस गुंडाळलेले असायचे. टाकून द्यायचे आणि कामाला लागायचे. एका दिवाळीत आई तेल लावत होती. शेपटा मुठीत धरून तिने हात खाली ओढत नेला आणि मध्येच थांबली. "इथं काय झालंय गं?" टोकापासून वीतभर वर वेणी एकदम निम्मी झाली होती.

केस महिन्याला सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे माझ्या 90 सेंटीमीटर केसांचं टोक सहा-सात वर्षांचं, दोन हजारांवर रात्री काढलेलं. केसावर कौलांसारखे एकावर एक खवले असतात, त्यांची उघडी कड टोकाकडे. खरखरीत सुती अभ्र्यावर रात्रभर कूस बदलली की ते उचकटतात, एक केस दुसऱ्यात अडकतो आणि सकाळी गुंता. मोकळे सोडून झोपायचं नाही ते यासाठी.

आता झोपण्याआधी मोठ्या दातांच्या फणीने टोकाकडून सुरू करून वर वर जात गुंता काढते. टोकांना खोबरेल, अगदी दोन थेंब. केसातलं प्रथिन धुपण्यापासून खोबरेल वाचवतं, असं मुंबईच्या संशोधकांनी 2003 साली दाखवलं. ते खोबरेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते म्हणा, पण आजीला ते आधीपासून पटलेलं होतं. वेणी मानेला चिकटून नाही, तीन बोटं खाली सुरू करायची. शेवटी रबराऐवजी मऊ कापडाची पट्टी, तीही रोज त्याच जागी नाही. आडवं झाल्यावर वेणी उशीवरून पलीकडे टाकायची, नाहीतर मध्यरात्री ती आपल्याच खांद्याखाली सापडते. किंवा ह्यांच्या कोपराखाली, आणि मग घरभर जाग.

अंबाडा का नाही? मानेवर बांधला तर नेमकं त्यावरच डोकं टेकतं. टाळूवर सैल बांधून बघितला, पण दाट केसांचं ओझं सकाळपर्यंत मुळांना जाणवतं. आणि वर्षानुवर्षं घट्ट ओढून बांधलं तर कपाळावरचे केस मागे हटतात, डॉक्टर त्याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. सॅटिनची टोपीही घेतली होती. कुरळ्या केसांच्या बायकांना ती फार उपयोगी पडते, पण मे महिन्यातल्या डोंबिवलीत मला दोन रात्रींत घामोळं आलं.

अभ्रा मात्र रेशमी हवा. महागडा नको, विरलेल्या रेशमी साडीचा शिवा. फक्त जरीचा काठ कापून टाका. माझ्या पहिल्या अभ्र्याला मी हौसेने काठ ठेवला आणि सकाळी जरीत अडकलेले केस सोडवत बसले.

न्हाणं सुट्टीच्या दिवशी सकाळी, रात्री कधीच नाही. ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो. पावसाळ्यात तर बांधलेली ओली वेणी सकाळीही आतून दमटच असते, वासासकट.

दर सहा महिन्यांनी टोकं दोन बोटं कापते. ती निम्मी झालेली जागा आता टोकापासून चार बोटांवर आली आहे.