बेडक्यातला डीएनए

‘तुम्ही लॅबमध्ये डीएनए तपासता ना? मग खुनाच्या केसेस येत असतील!’ लग्नाकार्यात भेटलं की कुणीतरी हे विचारतंच. नाही हो. माझ्याकडे येतो बेडका, म्हणजे छातीतून खाकरून काढलेला कफ.

मी ग्रामीण रुग्णालयात टीबीच्या तपासण्या करते. टीबीच्या जंतूचा डीएनए माणसाच्या डीएनएपेक्षा वेगळा असतो; तोच मी बेडक्यात शोधते. बेडक्यात त्याच्या दुप्पट, तो पातळ करणारं रसायन घालायचं, डबी जोरजोरात हलवायची, पंधरा मिनिटं ठेवायची. मधे पुन्हा एकदा हलवायची. घट्ट, चिकट बेडका पाण्यासारखा पातळ झाला की तो कार्ट्रिजमध्ये, म्हणजे मशीनच्या छोट्या बंद डबीत, भरून सीबीनॅट मशीनला लावायचा. आत गरम-थंड, गरम-थंड करत जंतूच्या डीएनएचा ठरावीक तुकडा वाढवला जातो. दोन तासांत उत्तर. मायक्रोस्कोपखाली जंतू दिसायचे तर एका मिलिलिटरमध्ये ते ५,००० ते १०,००० तरी असावे लागतात. इथे शे-दीडशेसुद्धा पुरतात.

पण मला या मशीनचं मोल वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. रिफाम्पिसिन हे टीबीवरचं मुख्य औषध. त्याला दाद न देणाऱ्या जंतूंमध्ये बहुतेक वेळा एकाच जनुकातल्या, डीएनएच्या जेमतेम ८१ अक्षरांच्या पट्ट्यात बदल झालेला असतो. मशीन त्याच फेरीत तो पट्टाही तपासतं. गेल्या पावसाळ्यात एक गवंडी आला होता, खोकून खोकून बेजार. स्लाइडवर काहीच दिसलं नाही. सीबीनॅटमध्ये टीबी निघाला, आणि रिफाम्पिसिन लागू पडणार नाही हेही कळलं. नुसत्या कल्चरवर, म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून बघण्यावर, विसंबलो असतो तर कित्येक आठवडे गेले असते, आणि तोवर तो घरातल्या लहानग्यांच्या शेजारीच झोपला असता.

वीज नसलेल्या ठिकाणी अशीच डीएनए तपासणी करणारं, बॅटरीवर चालणारं ट्रूनॅट मशीन आहे. ते गोव्यातल्या कंपनीचं; २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही त्याला मान्यता दिली.

उपचार चालू असलेले पेशंट विचारतात, ‘बरा झालो का ते याच मशीनवर बघा ना.’ ते जमत नाही. मेलेल्या जंतूंचा डीएनएही मशीनला दिसतो. त्यासाठी स्लाइड नाहीतर कल्चरच हवं.

आणि कुणाला तपासणीला पाठवाल तेव्हा एवढं सांगा: डबीत थुंकी नको. सकाळी उठल्यावर चूळ भरायची, खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खाकरून बेडका काढायचा. फेसाळ थुंकी आली तर मला पुन्हा नमुना मागावा लागतो, आणि लांबून आलेल्या माणसाची एका दिवसाची मजुरी बुडते.