पाकीट कोणी दिलं ते सांगा

मी इंदूरला ए.बी. रोडवरच्या प्रेस कॉम्प्लेक्समध्ये एका छोट्या हिंदी पेपरच्या सिटी डेस्कवर काम करते. त्या दिवशीची बातमी अंगणवाडीतल्या पोषण आहाराची होती, पाकीट माझ्या टेबलवरच पडलेलं, नखाने स्टिकर खरवडला की नव्या तारखेखाली जुनी, कधीच उलटून गेलेली तारीख दिसत होती. आणून देणाऱ्या ताई एवढंच म्हणाल्या, माझं नाव नको हो, नोकरी जाईल.

रात्री पान सोडायच्या वेळेला एका सरकारी ऑफिसमधून फोन. आवाज अगदी गोड. बातमी लावा ना मॅडम, आमची ना नाही, फक्त पाकीट कोणी दिलं तेवढं सांगा, आणि मग हळूच, जाहिरातींचं पण बघावं लागेल. आमच्यासारख्या पेपरचे पगार त्या जाहिरातींवर निघतात हे त्यांना चांगलं माहीत होतं!

लोकांना वाटतं प्रेसची गळचेपी म्हणजे 1975 ची सेन्सॉरशिप. पण ती अशी फोनवरून पण होते. आपल्या घटनेत प्रेस हा शब्द वेगळा नाही, 19(1)(अ) मधल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यातच कोर्टाने 1950 पासून पेपर धरलेत, आणि पानांच्या हिशेबाने पेपरची किंमत सरकार ठरवणार हा कायदा पुण्याच्या 'सकाळ'ने सुप्रीम कोर्टात रद्द करून घेतला तेव्हा कोर्टाने साफ सांगितलं की धंद्याच्या नियमाआडून बोलण्यावर बंधनं आणता येणार नाहीत. बातमी देणाऱ्याचं नाव मात्र खरंच उघड्यावर आहे. पेपरांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या 1978 च्या कायद्यात ते सांगायची सक्ती नाही, पण ते कौन्सिलपुढच्या चौकशीपुरतंच, कोर्टाने विचारलं तर रिपोर्टरच्या पाठीशी असा पक्का कायदा नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या कलम 19 मध्ये माहिती मिळवण्याचा हक्क पण आहे, म्हणजे हा हक्क माझ्याइतकाच ते पाकीट घरी नेऊन लेकराला भरवणाऱ्या आईचा आहे ना?

संपादकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, नाव द्यायचं नाही, बातमी पहिल्या पानावर घे.

जाहिराती थांबल्या, त्या महिन्यात पगार उशिरा झाले. पण बातमी आली त्याच दुपारी दुसऱ्या वस्तीतून एका सेविकेचा फोन आला, आमच्याकडे पण असलीच पाकिटं आहेत, या बघायला, पण माझं नाव नका छापू. फोटोग्राफरला घेऊन लगेच निघाले.