सव्वासहा तासांचा दिवस

भांडण आदल्या रात्रीच झालं. नाशिककर मैत्रिणीने मोबाइलवर स्टॉकहोममधल्या अकरा ठिकाणांची यादी करून आणली होती आणि ती गुगल मॅपने दाखवलेल्या अंतराप्रमाणे लावली होती. उप्सालाकर मैत्रीण स्वीडनच्या उप्साला शहरात पीएचडी करते, तिसरा हिवाळा काढतेय. तिने यादी वाचली, फोन परत दिला आणि म्हणाली, "हे जूनचं झालं. उद्या डिसेंबर आहे."

मी हॅम्बुर्गहून आलेली, म्हणजे थंडी ओळखीची. पण स्टॉकहोमचा डिसेंबर थंडीने अडवत नाही, उजेडाने अडवतो. पहिल्या आठवड्यात साडेआठच्या सुमाराला सूर्य उगवतो आणि तीनला दहा मिनिटं कमी असताना मावळतो. अख्खा दिवस सव्वासहा तासांचा. त्यामुळे उप्सालाकरने एकच नियम घातला: छपराखालचं सगळं संध्याकाळी, उघड्यावरचं सगळं तीनच्या आत. अंतर गेलं खड्ड्यात.

शनिवारी सकाळी काळोखातच उप्सालाहून रेल्वे पकडली. पाऊण तासाच्या आत स्टॉकहोमला उतरलो, तेव्हा आकाश नुकतं राखाडी व्हायला लागलं होतं. उणे चार. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर स्टाड्सहुसेत, म्हणजे शहराचं टाउन हॉल. 1923 मध्ये पुरं झालेली लाल विटांची ही इमारत थेट मेलारेन तळ्याच्या काठावर उभी आहे आणि तिचा मनोरा 106 मीटर उंच आहे. नोबेलची मेजवानी इथल्याच 'निळ्या दालनात' होते. दालन मात्र निळं नाही. वास्तुविशारद राग्नार ऑस्टबर्ग यांना उघड्या विटांचा रंग इतका आवडला की निळा रंग द्यायचा बेत त्यांनी सोडून दिला, नाव तेवढं चिकटून राहिलं. आत जायचा आमचा विचारच नव्हता. पाण्याकडच्या चौथऱ्यावर उभ्या राहिलो आणि समोरच्या रिडारहोल्मेन बेटावर पहिलं ऊन पडलं. ऊन म्हणजे तरी काय, आपल्याकडे संध्याकाळी पाच-साडेपाचला भिंतीवर पडतं तसलं, पिवळट आणि आडवं. दिवसभर ते तसंच राहिलं. भर बाराला सूर्य क्षितिजाच्या वर जेमतेम आठ अंश. फोटो मात्र काय आले म्हणून सांगू! दुपारी तोंडावर सावल्या पडून फोटो बिघडतात, ही आपली नेहमीची रड इथे नाहीच.

तिथून पायी गामला स्टान, जुनं शहर. दगडी गल्ल्यांत बर्फावर खडी टाकलेली असते, ती बुटांखाली करकर वाजते. तिथली सगळ्यात अरुंद गल्ली म्हणजे मोर्टेन ट्रोट्सिग्स ग्रेन्ड. अरुंद टोकाला 90 सेंटिमीटर रुंद, छत्तीस पायऱ्या. जाकिटं, स्वेटर आणि आत थर्मल घातलेल्या तीन बायका वर चढतायत आणि वरून एक आजोबा उतरतायत, असा प्रसंग आला. आजोबा अगदी शांतपणे मागे मागे चढत परत वर गेले, आम्हाला वाट दिली आणि मग उतरले. चकार शब्द नाही. "स्वीडिश माणूस," उप्सालाकर म्हणाली, "धक्का लागण्यापेक्षा छत्तीस पायऱ्या परवडल्या."

स्टोरटोर्गेत या चौकात नाताळचा बाजार भरला होता. लाल खोपटी, भाजलेल्या बदामांचा वास, वाफाळणारी ग्लोग, म्हणजे मसाला घातलेली गरम वाइन. आज इतका गोजिरा दिसणारा हा चौक, पण 1520 च्या नोव्हेंबरात डेन्मार्कच्या दुसऱ्या क्रिस्तियान राजाने इथेच ऐंशीच्या वर सरदार, बिशप आणि नागरिक मारले. चौकातल्या लाल घरावर जे पांढरे दगड आहेत तो एकेका मुंडक्याचा हिशेब, असं पर्यटकांना सांगतात. ती निव्वळ कथा. घराचं आजचं रूप त्या घटनेनंतर शंभरावर वर्षांनी आलेलं.

इथवर बोटं बधिर झाली होती, म्हणून नियम मोडून अर्धा तास छपराखाली गेलो. चौकातच जुन्या शेअर बाजाराच्या इमारतीत नोबेल संग्रहालय आहे आणि त्याच्या कॅफेत जायला तिकीट लागत नाही. तिथल्या खुर्च्यांच्या बैठकीखाली नोबेल विजेते सह्या करतात. खुर्ची उलटी करून बघायची मुभा आहे, पण आजूबाजूला लोक लुसेकाट खात बसलेले असताना आपण ओणवं होऊन खुर्ची पालथी घालायला धीर लागतो. नाशिककरने तो दाखवला. सही सापडली, वाचता मात्र आली नाही. डॉक्टरच असणार, असं आम्ही ठरवून टाकलं. लुसेकाट म्हणजे इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला केशरी पाव, दोन्ही वळणांत एकेक मनुका. केशराचा वास आला आणि मला श्रीखंड आठवलं, पण हा पाव तसा कोरडाच. कॉफीत बुडवल्याशिवाय घशाखाली उतरेना.

पैसे देताना घोळ झाला. नाशिककरच्या काकांनी खूप वर्षांपूर्वीच्या स्वीडन दौऱ्यातल्या उरलेल्या नोटा तिला "असू देत जवळ" म्हणून दिल्या होत्या. काउंटरवरच्या मुलीने त्यातली वीस क्रोनाची नोट हातात घेतली, निरखली आणि हसली. एक तर तिथे रोख घेतच नव्हते. दुसरं म्हणजे ही नोट 2016 च्या जूनअखेरीस चलनातून गेली. नोटेवर लेखिका सेल्मा लागरलॉफ, मागच्या बाजूला हंसावर बसून उडणारा तिच्या गोष्टीतला नील्स. सेल्मा म्हणजे 1909 ची विजेती, साहित्याचं नोबेल मिळालेली पहिली बाई. तिचीच नोट नोबेलच्या दारात चालली नाही! कॉफीचे पैसे मी कार्डाने भरले आणि काकांची नोट नाशिककरच्या पासपोर्टात जाऊन बसली.

बारानंतर स्लुसेनचा सोनेरी पूल ओलांडला. हा चीनमध्ये बांधून 2020 साली जहाजावरून अख्खा आणला. मग सोडरमाल्म बेटाचा चढ चढून मोंटेलिउसव्हेगेनवर गेलो. ही कड्याच्या काठाने जाणारी जेमतेम अर्धा किलोमीटरची पायवाट. दिवसभरात एकच जागा बघायची असेल तर ही बघा. खाली पाणी, पलीकडे सकाळचा तो मनोरा, उजवीकडे जुन्या शहराचे कळस. बाकावर बसून दशम्या आणि लसणाची चटणी काढली. दशमी गोठून पापडासारखी झाली होती, तरी पाच मिनिटांत डबा रिकामा. आणि तिथेच फोटो काढता काढता नाशिककरचा फोन मेला. बॅटरी चाळीस टक्के होती, पण थंडीत ती अशीच ढपकन पडते. हिवाळ्यात फोन आतल्या खिशात, अंगालगत ठेवायचा. पॉवर बँकही.

अडीचनंतर स्लुसेनहून युरगॉर्डेन बेटाकडे जाणारी फेरी धरली. साधी प्रवासी होडी, मेट्रोचंच तिकीट चालतं. तिकीट 75 मिनिटं चालतं, तेवढ्यात कितीही वाहनं बदला. प्रत्येकीने आपापलं कार्ड टेकवायचं. वेगळी पर्यटक बोट घ्यायची गरजच नाही. दहा मिनिटांच्या त्या प्रवासात मागे जुनं शहर आधी केशरी, मग जांभळं झालं आणि आम्ही धक्क्याला लागेपर्यंत सूर्य गेलाच. घड्याळात तीनसुद्धा वाजले नव्हते.

मग वासा जहाजाचं संग्रहालय. उरलेली यादी एव्हाना नाशिककरनेच बाजूला ठेवली होती. हे जहाज 10 ऑगस्ट 1628 ला पहिल्याच सफरीवर निघालं आणि साधारण 1300 मीटर जाऊन, शहर काठावरून बघत असताना बुडालं. 333 वर्षांनी, 1961 मध्ये वर काढलं. बाल्टिकचं पाणी फारसं खारं नाही, म्हणून लाकूड पोखरणारा समुद्री किडा तिथे जगत नाही, आणि म्हणून आज दिसतं त्यातलं जवळजवळ सगळं लाकूड मूळचं. अंधाऱ्या दालनात ते काळं धूड समोर आलं तेव्हा आम्ही तिघी गप्प झालो, जे दिवसभरात झालं नव्हतं.

निघायच्या आधी तीस खलाशांना डेकवर या काठावरून त्या काठावर पळवून पाहिलं होतं. जहाज इतकं डोलायला लागलं की तिसऱ्या फेरीनंतर चाचणी थांबवली, आणि तरी सोडलं! राजाला घाई होती. चौकशी झाली, शिक्षा कुणालाच नाही. मुख्य जहाजबांधणी करणारा आदल्या वर्षीच वारला होता, म्हणजे त्याच्या डोक्यावर ढकलणं सोपं. वरचा भार जास्त हे खरं कारण. पण मला चटका लावला तो सुतारांच्या पट्ट्यांनी. जहाजात मोजपट्ट्या सापडल्या: काही स्वीडिश फुटाच्या, बारा इंचांच्या, काही ॲमस्टरडॅमच्या, अकरा इंचांच्या. एकाच जहाजावर दोन वेगवेगळ्या मापांचे फूट. डावी बाजू उजवीपेक्षा जड निघाली. नाशिककर माझ्याकडे वळून म्हणाली, "आमच्या फ्लॅटच्या इंटीरियरवाल्याकडेही अशाच दोन टेप असणार."

पाचला संग्रहालय बंद झालं. ट्रामने शहरात आलो. टी-सेंट्रालेन या मेट्रो स्टेशनच्या, निळ्या वेली रंगवलेल्या गुहेत उभं राहून फोन चार्ज केला आणि साडेपाचच्या सुमाराला नाशिककरने घरी व्हिडिओ कॉल लावत आम्हाला बाहेर रस्त्यावर आणलं. भारतात रात्रीचे दहा. मागे काळाकुट्ट आकाश, खिडक्याखिडक्यांत कागदी चांदण्या. आई एकदम ओरडल्या, "अगं, इतक्या अपरात्री कुठे भटकताय तिघी? आधी घरी जा!"

"आई, साडेपाच वाजलेत."

"खोटं नको बोलू," आई म्हणाल्या. "फोन दे बघू त्या दुसरीकडे."