किलोमीटर नको, तास सांगा

भाच्यासाठी जुनी डिझेल एसयूव्ही शोधत होतो. विकणारा सगळ्यात आधी किलोमीटर सांगतो. ‘मुंबईतलीच गाडी आहे साहेब, फक्त साठ हजार चाललीय.’ त्या ‘फक्त’वर माझा विश्वास नाही. माझी सगळी नोकरी जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. तिथे जनरेटर किती मैल चालला असं कुणी विचारत नाही, रनिंग अवर्स विचारतात. पिस्टन कधी काढायचा, फ्युएल व्हॉल्व्ह कधी तपासायचा, सगळं त्या तासांवर ठरतं. जहाज नांगर टाकून उभं असलं तरी जनरेटर चालूच असतो. मुंबईतली गाडी मला तशीच दिसते.

हिशेब सोपा आहे. रोज अंधेरीहून लोअर परळला जाणाऱ्या गाडीचा सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर धरा. साठ हजार किलोमीटर म्हणजे इंजिनाचे ४,००० तास झाले. पुणे-नाशिक करणारी गाडी ताशी ६० च्या सरासरीने तेवढ्याच तासांत २ लाख ४० हजार किलोमीटर जाते. बाजारात मात्र पहिली गाडी ‘कमी चाललेली’ म्हणून महाग. गाडी बघायला जाल तेव्हा डॅशबोर्डवरचा सरासरी वेग बघा. तो आकडा रीसेट केलेला नसेल तर किलोमीटरला त्याने भागा, तास मिळतील.

शिवाय हे तास वाईट असतात. कमी भारावर डिझेल इंजिन पुरेसं तापत नाही, इंधन नीट जळत नाही, आणि काजळी ईजीआर व्हॉल्व्हमध्ये (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप), इनटेक मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळ्या) साचते. मोठी जहाजं मंद वेगाने चालवली की टर्बोचार्जरचं (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंखा) हेच होतं, म्हणून मध्येमध्ये मुद्दाम भार वाढवावा लागतो. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, आहे. त्यातली काजळी जाळण्यासाठी गाडी जास्तीचं डिझेल सोडते. ते काम चालू असताना तुम्ही सिग्नलवरून घरी पोचून इंजिन बंद केलंत आणि हे पुन्हापुन्हा झालं, की थोडं डिझेल इंजिनाच्या तेलात उतरतं. तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. (कित्येक महागड्या गाड्यांमधून डिपस्टिकच, म्हणजे तेल मोजायची पट्टीच, काढून टाकलीय, पातळी स्क्रीनवर बघायची. मला हे अजिबात पटत नाही. तेल बोटांवर घेऊन बघता आलं पाहिजे.) अशा गाडीला आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास सलग पळवायला हवं. एकटा अटल सेतू पुरत नाही, तो २१.८ किलोमीटरच आहे. पुढे खोपोलीपर्यंत जा.

तेलाच्या बाबतीत मी हट्टी आहे. गाडीच्या पुस्तकात तेल बदलायला बऱ्याचदा १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष लिहिलेलं असतं. आपल्या वेगाने ते हजार तास होतात. मी ७,५०० किंवा सहा महिने, जे आधी येईल ते धरतो, आणि डब्यावर गाडीच्या कंपनीचा अप्रूव्हल नंबर (हे तेल आमच्या इंजिनाला चालतं, अशी मान्यता) असल्याशिवाय तेल घेत नाही. जहाजावर तेलाचा नमुना लॅबला जायचा. तांबं आणि शिसं वाढलं की बेअरिंग, सिलिकॉन वाढलं की धूळ, सोडियम वाढलं की कुठूनतरी कूलंट किंवा खारं पाणी.

टायमिंग चेन, म्हणजे इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारी साखळी, याच तेलावर जगते. बीएमडब्ल्यूच्या एन४७ आणि ऑडीच्या तीन लिटर टीडीआय या डिझेल इंजिनांमध्ये ती गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. तिला हात लावायचा तर गिअरबॉक्स नाहीतर अख्खं इंजिन उतरवावं लागतं. मर्सिडीझच्या ओएम६४२ या डिझेल इंजिनाचा ऑइल कूलर सिलिंडरच्या दोन रांगांच्या मधल्या खाचेत बसतो. त्याचे सील किरकोळ किमतीचे, पण तिथे पोचेपर्यंत टर्बो आणि मॅनिफोल्ड काढावे लागतात. पैसा मजुरीत जातो. म्हणून मी गाडी बघायला सकाळी जातो आणि मालकाला आधीच सांगून ठेवतो की इंजिन सुरू करू नका. बॉनेटला हात लावून ते थंड असल्याची खात्री करायची, मग स्टार्टर. पहिल्या दोन-तीन सेकंदांत चेन खडखडली तर मी पुढचं काही ऐकत नाही.

पाण्याचं थोडक्यात. पावसाळ्यात हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या तुंबलेल्या पाण्यात अडकलेली गाडी धुऊनपुसून विकायला येते. सीटबेल्ट पूर्ण ओढून शेवटच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का बघा, सीटखालचे रूळ बघा. सिलिंडरमध्ये गेलेलं पाणी दाबलं जात नाही, पिस्टनला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडा वाकलेला रॉड घेऊन गाडी काही महिने चालतेही.

भाच्याने शेवटी पार्ल्यातल्या एका डॉक्टरांची गाडी घेतली, १ लाख १० हजार चाललेली. दर महिन्याला कोल्हापूर, आणि प्रत्येक तेलबदलाचं बिल फाइलमध्ये. घरचे म्हणाले, मामांनी जास्त चाललेली गाडी गळ्यात मारली. गिअरबॉक्सच्या तेलाचं बिल मात्र त्या फाइलमध्ये नाही, कारण त्याला ‘लाइफटाइम’, म्हणजे कधीच न बदलायचं, म्हणायची पद्धत आहे. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ते बदला म्हणते. पुढच्या शनिवारी ते काम आहे, आणि मी तिथे उभा राहणार आहे.